ताईच्या आधी तुम्हाला कळलं होतं: तंत्रज्ञान कंपन्यांना नागपुरातून खुलं पत्र

प्रति,
जाहिराती, मेसेज, ॲप, सिमकार्ड आणि पैशांची देवघेव चालवणाऱ्या कंपन्यांचे भारतातील प्रमुख यांस

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा, त्रिमूर्तीनगरात राहतो. एका बँकेत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. त्यातली अकरा वर्षं क्लिअरिंगला गेली. क्लिअरिंग म्हणजे काय हे तुमच्यातल्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. ते पुढे सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते तिथूनच आलं आहे. आधी माझ्या बहिणीचं.

ताई ७१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. पाढ्यांना घाबरणाऱ्या पोरांच्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. भावजींना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा परगावी. गेल्या उन्हाळ्यात, ९ एप्रिलच्या दुपारी, ती कूलरसमोर बसून फोन पाहत होती (नागपुरात एप्रिलच्या दुपारी दुसरं काही करता येतही नाही). तिला एक जाहिरात दिसली. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक अर्थतज्ज्ञ सांगत होते, शेअर बाजार शिकवणारा मोफत वर्ग सुरू होतोय, जागा थोड्या आहेत. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, फक्त ओठ शब्दांच्या किंचित मागे. ताईनं त्यावर बोट ठेवलं. ते बोट तिला ९ लाख ३५ हजारांना पडलं.

बोट ठेवताच मेसेजच्या ॲपवर एक ग्रुप उघडला. १४० माणसं. सकाळी नऊला 'सर' आजचा शेअर सांगायचे, साडेतीनला बाजार बंद झाला की लोक आपापल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. त्या १४० मध्ये ताईसारखी खरी माणसं किती आणि एकाच खोलीत बसून दहा-दहा फोन चालवणारी किती, देव जाणे. एक 'मॅडम' ताईला वेगळे मेसेज करायची. "गुड मॉर्निंग आई, बीपीची गोळी घेतली काय?" मी ताईवर चिडलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुमच्यापैकी कोणी विचारून राहिलं होतं काय मला?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

११ एप्रिलला तिनं ५ हजार टाकले. दोन दिवसांनी १,२०० रुपये 'नफा' म्हणून खात्यात परत आले, अगदी खरे. मासा लावायला गांडूळ लागतं ते हेच. मग १५ एप्रिलला ५० हजार, १७ ला ८० हजार, २२ ला १ लाख. त्यानंतर शाखेत जाऊन आरटीजीएस (मोठी रक्कम थेट दुसऱ्या खात्यात पाठवायची बँकेची सोय): २५ ला २ लाख, २९ ला २ लाख, ५ मे रोजी ३ लाख. फोनमधल्या ॲपवर तोवर ३१ लाख दिसत होते. ६ मे रोजी तिनं पैसे काढायला सांगितले, तर उत्तर आलं की आधी १८ टक्के टॅक्स भरा. तेव्हा तिचा मला फोन. "अरे, टॅक्स तर नफ्यातूनच कापला पाहिजे ना? वरून काऊन मागून राहिले?" गणिताच्या बाईंना शेवटी गणितानंच जागं केलं.

त्याच संध्याकाळी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. शेवटच्या तीन लाखांपैकी ४१ हजार एका खात्यात अडकले. बाकीचे केव्हाच पुढच्या खात्यांत आणि तिथून त्याच्या पुढच्या खात्यांत निघून गेले होते.

इथवरचं तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. पुढचं कदाचित नसेल.

दोन दिवसांनी आम्ही सायबर पोलीस ठाण्यात बाकावर बसलो होतो. शेजारी हुडकेश्वरचा एक पोरगा, वडिलांचे १५ हजार गेले म्हणून आलेला. बोलता बोलता दोघांनी फोन काढले तर पेजचं नाव एकच, अर्थतज्ज्ञांचा फोटोही तोच. पोरगा हुशार. त्यानं १० एप्रिललाच त्या पेजविरुद्ध तक्रार केली होती. कंपनीचं उत्तरही त्याच्याकडे होतं, १२ एप्रिलचं: तुमच्या तक्रारीवरून आम्ही हे पेज काढून टाकलं आहे, आपला समाज सुरक्षित ठेवण्यास मदत केल्याबद्दल धन्यवाद.

१२ एप्रिल! मी पासबुक काढलं. १२ एप्रिलपर्यंत ताईचे फक्त ५ हजार गेले होते. उरलेले ९ लाख ३० हजार त्या धन्यवादानंतर गेले.

म्हणजे १२ तारखेला जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला पक्कं ठाऊक होतं की हे पेज ठगांचं आहे. त्या पेजच्या जाहिरातीवर कोणी कोणी बोट ठेवलं याचीही नोंद तिच्याकडे होती. त्या नोंदीवरच तर तुमचा धंदा चालतो. ताईनं एकदा गुडघ्याचा पट्टा पाहिला तर महिनाभर तिला गुडघ्याचे पट्टे दिसतात. पण "बाई, तुम्ही ज्या जाहिरातीवर गेलात ती खोटी निघाली, पैसे दिले असतील तर थांबा", हे एक वाक्य तिला कोणी पाठवलं नाही. मेसेजच्या कंपनीला कळवलं नाही, म्हणून ग्रुप चालू राहिला. ज्या लिंकवरून ॲप उतरवलं ती लिंक चालू राहिली. खाती चालू राहिली. पेज तेवढं काढलं. घरात साप निघाला, त्याची कात तेवढी उचलून बाहेर टाकली, आणि घरच्यांना काही सांगितलं नाही.

ती कंपनी कोणती, ते मी इथे लिहीत नाही. कारण तिच्या जागी तुमच्यातली दुसरी असती तर वेगळं घडलं असतं, असं मानायला मला आधार सापडत नाही. तक्रारीनंतर काही दिवसांनी तीच चित्रफीत दुसऱ्या नावाच्या पेजवर मला दिसली. मी तक्रार केली. उत्तर आलं, इंग्रजीत, की यात आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

आता क्लिअरिंग. चेकचे दिवस होते तेव्हा नागपुरातल्या झाडून साऱ्या बँकांची माणसं रोज रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जमायची, आज ज्याला संविधान चौक म्हणतात तिथे. सरकारी, खाजगी, सहकारी, सगळ्या. बाहेर आम्ही एकमेकांचे ठेवीदार पळवायचो. आत एका टेबलावर बसायचो. तुमच्या बँकेचे चेक मी तुमच्या माणसाच्या हातात द्यायचे, आमचे तुम्ही मला. मग बेरजा. सगळ्यांचं देणं आणि सगळ्यांचं घेणं पैशापैशानं जुळलं पाहिजे. फरक आला आणि त्याला नऊनं भाग गेला की समजायचं, कोणीतरी अंक उलटे लिहिलेत. क्लिअरिंगवाल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. फरक सापडेपर्यंत उठायचं नाही. डबा तिथेच खायचा. न वटलेला चेक ठरलेल्या वेळेत, कारण लिहून, परत करायचा. आणि कुठल्या बँकेचं कोऱ्या ड्राफ्टांचं पुस्तक चोरीला गेलं तर त्याचे नंबर इतर बँकांना कळवले जायचे. तो कागद आमच्या काउंटरच्या काचेखाली असायचा. त्या नंबरचा ड्राफ्ट घेऊन आलेल्या माणसाला आम्ही बसवून ठेवायचो, पाणी द्यायचो आणि आत जाऊन फोन करायचो.

यात कोणाचा मोठेपणा नव्हता. रिझर्व्ह बँकेनं बसवलं म्हणून बसायचो. शिवाय आज तिकडे खपलेला खोटा कागद उद्या आपल्याच खिडकीवर येणार, एवढी अक्कल प्रत्येकाला होती. पुढे चेकची नुसती प्रतिमा जायला लागली, टेबल गेलं, माणसं गेली. एकमेकांना सांगण्याचा नियम मात्र राहिला.

तुमचं टेबल कुठे आहे?

अगदीच नाही, असं मी म्हणणार नाही. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, म्हणून वाचलं. दहशतवादी मजकुराविरुद्ध फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब २०१७ मध्ये एकत्र आले. एकीनं ओळखलेल्या चित्रफितीचा डिजिटल ठसा दुसरीला मिळावा, अशी सोय केली. म्हणजे मनात आलं तर जमतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलनं ग्लोबल अँटी-स्कॅम अलायन्स आणि डीएनएस रिसर्च फेडरेशन या संस्थांबरोबर ग्लोबल सिग्नल एक्सचेंज सुरू केलं. फसव्या लिंक आणि अशाच खुणा एकमेकांना कळवण्याची ती जागा. त्याच सुमारास फेसबुकच्या मालक कंपनीनं, मेटानं, ब्रिटनमधल्या बँकांशी माहितीची देवाणघेवाण जाहीर केली. आपल्याकडे केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये बँकांसाठी संशयितांची नोंदवही उघडली. दूरसंचार खात्यानं मे २०२५ पासून संशयास्पद मोबाइल नंबरांना धोक्याची श्रेणी देऊन ती बँका आणि पेमेंट ॲपना कळवायला सुरुवात केली. ही कामं खरी आहेत आणि ती करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण ताईच्या २६ दिवसांत यातलं काही तिच्या फोनपर्यंत पोचलं नाही. माहिती कंपनीकडून कंपनीकडे जाते, कंपनीकडून सरकारकडे जाते. जिचे पैसे जात आहेत तिच्याकडेच तेवढी जात नाही.

आणि ओळखायची ताकद नाही, हे तर सांगूच नका. भाच्याच्या लग्नाची चित्रफीत घरच्यांनी नेटवर टाकली. वरातीच्या बँडनं एक सिनेमातलं गाणं वाजवलं होतं, क्लॅरिनेट थोडी बेसूरच होती. तरी काही मिनिटांत आवाज बंद: गाण्याचे हक्क दुसऱ्याचे आहेत म्हणे. आमच्या वरातीतलं बेसूर गाणं तुमच्या यंत्राला ओळखू येतं आणि देशभर हजारदा फिरलेला, ओठ मागे पडलेला, तोच तो अर्थतज्ज्ञ ओळखू येत नाही? गाण्याच्या मालकाला वकील असतो. ताईला मी आहे.

पैशाचं बोलू या. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेनं मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. २०२४ च्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के उत्पन्न फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीचाच अंदाज त्या कागदांत होता. जाहिरातदार ठग आहे याची यंत्राला ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं. खात्री त्याहून कमी पण संशय दाट असेल तर त्याच्याकडून जाहिरातीचा दर जास्त घ्यायचा, असंही त्यात होतं. कंपनीचं म्हणणं असं की तो अंदाज ढोबळ होता, त्यात नको तेवढं सगळं धरलं होतं, आणि दर वाढवण्याचा हेतू अशा जाहिरातदारांना नाउमेद करण्याचा होता. मी दोन्ही बाजू लिहिल्या. आता बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. समोर ग्राहक उभा आहे, तो चोरीचा माल विकतो असा मला ९० टक्के संशय आहे, आणि मी त्याचं खातं चालू ठेवून त्याला सर्व्हिस चार्ज तेवढा जास्त लावतो. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते आणि मग माझी बदली नव्हे, बडतर्फी झाली असती.

बँकांनाही मी सोडत नाही. ते माझं माहेर आहे म्हणून तर नाहीच. ७१ वर्षांची पेन्शनर बाई, जिच्या खात्यात पेन्शन, गॅस आणि दुधाच्या बिलापलीकडे काही हालचाल नाही, ती अकरा दिवसांत तीनदा आरटीजीएसचा फॉर्म भरते आणि दर वेळी लाभार्थी नवा, कुठल्याशा गावचे 'ट्रेडर्स' नाहीतर 'एंटरप्रायझेस'. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं म्हणे, "आजी, कोणाला पाठवता?" ताईनं पढवल्याप्रमाणे सांगितलं, "घराचं काम काढलं आहे." ठग पढवून पाठवतात. पण शेअरसाठी म्हणून निघालेले पैसे कापडवाल्याच्या चालू खात्यात उतरतात आणि अर्ध्या तासात तिथून वीस ठिकाणी फुटतात, हे ते खातं जिथे आहे त्या बँकेला दिसत नाही काय? भाड्यानं दिलेली अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाचं साधन केलेलं आहे. ते वापरायला मुहूर्त लागत नाही.

लोक काय म्हणतात तेही मला माहीत आहे. आमच्याच गल्लीत ऐकलं: "एवढी शिकलेली बाई, लालच आली असन." मी तिचा भाऊ, मला विचारा. तिला एफडीच्या व्याजात औषधं भागवायची होती आणि नातीच्या शिक्षणाला काही द्यायचं होतं. आणि समजा, आली लालच. लालच येणाऱ्या माणसाला लुटायची सूट कायद्यात कुठे आहे? तुमच्या सगळ्या जागृतीचा सूर तोच असतो: सावध राहा, विचार करा, अनोळखी लिंक उघडू नका. मध्यंतरी तर फोन लावला की रिंगच्या आधी उपदेश असायचा. अहो, लिंक अनोळखी नव्हती. ताई रोज पाहते त्याच पडद्यावर, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध, तुम्हीच पैसे घेऊन ती ठेवली होती.

आकडे एकदाच सांगतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. त्याच वेळी दिलेली दुसरी माहिती अशी की १९३० ची व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून तोवर ५,४८९ कोटींहून जास्त रक्कम वाचली. जे वाचलं त्याबद्दल आभारच मानायचे. पण १९३० चालतं केव्हा? माणसाला आपण लुटलो गेलो हे तासाभरात कळलं तर. खोटा पोलीस, खोटा कस्टमवाला, खोटं चलन पाठवणारा, यांच्या बाबतीत ते कळतं. गुंतवणुकीच्या फसवणुकीत माणूस चार-चार आठवडे आनंदात असतो. ताईनं त्या काळात माझ्याकडे पेढे पाठवले होते. पहिला तास हातातून जाऊ देऊ नका, असं तिला सांगून काय उपयोग? त्या प्रकारात पहिला तास तिच्या हाती नसतोच. तो तुमच्या हाती असतो. हुडकेश्वरच्या पोराची तक्रार खरी ठरली तो, १२ एप्रिलचा तास.

म्हणून मागणं एकच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. फसवणूक म्हणून एखादं पेज, ग्रुप, नंबर, लिंक, ॲप किंवा खातं तुमच्यापैकी कोणीही बंद केलं, तर त्याच दिवशी ते इतर सगळ्यांना कळवा, आणि त्याच दिवशी ज्या ज्या माणसाचा त्याच्याशी संबंध आला त्याला त्याच्या भाषेत कळवा. मराठीत, साध्या वाक्यात, लाल रंगात, जाहिरात जिथे दिसली होती तिथेच. जाहिरातवाल्यानं सांगितलं की मेसेजवाल्यानं ग्रुप पाहायचा. मेसेजवाल्यानं सांगितलं की सिमवाल्यानं नंबर पाहायचा. ग्रुपमध्ये जी खाती दिली गेली ती पेमेंट ॲप आणि बँकेनं पाहायची. ताई शाखेत जाऊन तीन लाखांचा फॉर्म भरते तेव्हा त्या पोरीच्या पडद्यावर यायला हवं की हे लाभार्थी खातं पाच दिवसांपूर्वी एका बंद केलेल्या ग्रुपमध्ये दिसलं होतं. मग ताईनं घराचं काम सांगो की दाराचं.

यासाठी आमच्या गप्पा एकमेकांना वाचायला द्या, असं मी म्हणत नाही, आणि कोणी तसं म्हणू लागलं तर त्याच्याही विरुद्ध पत्र लिहीन. क्लिअरिंगच्या टेबलावर चेक फिरायचा, खातेदाराची कुंडली फिरायची नाही. नंबर, लिंक, पेजचं नाव, खाते क्रमांक, एवढं पुरे.

जाहिरातदाराची ओळख पटवणं हे त्याच्या आधीचं पाऊल. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२५ मध्ये त्या दिशेनं सुरुवात केली: गुंतवणुकीच्या जाहिराती करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांनी गूगल आणि मेटावर आपली ओळख पटवून घ्यावी. ऑक्टोबर २०२५ पासून अशा संस्थांना पैसे पाठवण्यासाठी यूपीआयचे खास 'व्हॅलिड' पत्तेही आले. चांगलं झालं. पण ठगाची जाहिरात गुंतवणुकीची नसतेच. ती 'मोफत वर्गाची' असते, 'पुस्तकाची' असते, कधी निवृत्तांसाठी योगाचीही असते. फाटकावर नाव विचारून सोडलं आणि मागचा दरवाजा सताड उघडा, असं होतं ते. जो पैसे देऊन लाखो लोकांपर्यंत पोचू पाहतो, त्याची कागदपत्रं तपासा, तो काहीही विकत असो. माझ्या बँकेत ५०० रुपयांचं बचत खातं उघडायला दोन फोटो, ओळखपत्र आणि घरचा पत्ता लागायचा.

आणि हे केलं नाही तर? दुसऱ्या देशांनी उत्तर दिलेलं आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची असते, निम्मी पाठवणाऱ्या बँकेनं आणि निम्मी घेणाऱ्या. ऑस्ट्रेलियानं फेब्रुवारी २०२५ मध्ये कायदा करून बँका, दूरसंचार कंपन्या आणि डिजिटल मंच तिघांनाही जबाबदार धरलं. दंड पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानं, ग्राहकाच्या नकळत खात्यातून पैसे गेले आणि त्यानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याला मोठं संरक्षण दिलं. पण ताईनं पैसे स्वतःच्या हातानं पाठवले. त्या परिपत्रकात तिला जागा नाही. जो जाहिरातीचे पैसे घेतो त्याचं तर त्या कागदात नावच नाही. खरं सांगायचं तर माझा विश्वास भलेपणापेक्षा या हिशोबावर जास्त आहे. ताईच्या ९ लाख ३० हजारांतले लाखभर जरी तुमच्या खिशातून जायचे असते, तर १२ एप्रिलला तिला मेसेज आला असता. मराठीत आला असता. कदाचित कोणी घरीही आलं असतं.

गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. नागपूरकराला मोर्चा शिकवावा लागत नाही. हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, टेकडी रोडला अडतात, मंत्री येऊन निवेदन घेतात, काही होवो न होवो. तुमच्यावर मोर्चा न्यायचा तर कुठे न्यायचा? पत्ता म्हणून एक ईमेल. २०२१ च्या आयटी नियमांनी तुम्हाला तक्रार अधिकारी नेमायला लावला, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं तेव्हा ठरलं होतं. पंधरा दिवसांत ताईची चार लाखांवर रक्कम गेली असती. पासबुक पाहून मोजा. ईमेल नको, माणूस हवा. नागपुरात नको तर निदान मराठी समजणारा, आणि ज्याच्या हातात बंद करायचं बटण आहे असा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे पीडा घालवण्यासाठी काढलेली पुतळ्यांची मिरवणूक. काळी वेगळीकडून, पिवळी वेगळीकडून, आणि दोघींची गाठ नेहरू पुतळ्याजवळ पडते. मागे वर्षभराच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" पोरं गळा फाटेस्तोवर ओरडतात. हुडकेश्वरचा तो पोरगा म्हणतो, काका, यंदा एक बडग्या तुमच्या ताईच्या 'सरां'चा काढू. मी म्हटलं काढ, पण त्याच्या पाठीवर लिही: 'या पेजबद्दल तक्रार मिळाली, आपले आभारी आहोत.'

ताईचा तो जुना फोन, पासबुकाची पानं, सातही पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि त्या पोराला आलेलं १२ एप्रिलचं उत्तर, सगळं मी एका फाइलमध्ये लावून ठेवलंय, तारखेवार. तुमच्यापैकी कोणाला खरंच पाहायचं असेल तर या. सकाळी अकरानंतर मी घरी असतो. ताई हल्ली माझ्याकडेच राहते, चहा तीच करेल. येण्याआधी फोन मात्र करू नका. अनोळखी नंबर ती घेत नाही, आणि मलाही घेऊ देत नाही. दाराची कडी वाजवा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
त्रिमूर्तीनगर, नागपूर